रत्नागिरीतल्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास: कार्पेट किती मिळेल यापेक्षा पुढची तीस वर्षं राहणं कसं होईल?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. रत्नागिरीत, गावातून मांडवीकडे उतरताना लागणारी, १९८५च्या आसपासची तुमची इमारत. तळमजला अधिक तीन मजले, सोळा फ्लॅट, प्रत्येकी सुमारे सहाशे चौरस फूट. गॅलऱ्यांचं काँक्रीट सुटलंय, सळ्या उघड्या पडल्यात. बाहेरगावच्या एका बिल्डरनं इमारत पाडून नवी बांधून द्यायची तयारी दाखवली आहे: तीस टक्के जादा कार्पेट (घराच्या भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा), लिफ्ट, पार्किंग आणि वर काही रोख रक्कम. बाबा तिथे एकटे राहतात, तुम्ही पुण्यात. तीस टक्के हा आकडा बरा आहे की चाळीसपर्यंत ताणावा, हे तुम्ही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता, ‘यामुळे बाबांचं राहणं सुधारेल ना?’

मी वास्तुविशारद आहे आणि माझं बरंचसं काम कोकणपट्टीतल्या अशाच मध्यम शहरांत झालंय. माझ्या मते तुमची शेवटची ओळ हाच खरा प्रश्न आहे. अडचण अशी की तुमचा पहिला प्रश्न आणि हा शेवटचा प्रश्न एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. तुम्ही कार्पेट जितकं ताणाल तितकं बाबांचं राहणं अवघड होण्याची शक्यता वाढते. मुंबईत हे लगेच जाणवत नाही, रत्नागिरीत जाणवतं. ते का, हे आकड्यांनी दाखवतो. आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमच्याकडचे दर स्थानिक चौकशी करून त्यात घाला, गणिताची रीत तीच राहील.

बांधकामाचा खर्च सगळं धरून चौरस फुटाला ३,००० रुपये समजू. सिमेंट, सळई, लिफ्ट यांचे दर मुंबईत आणि रत्नागिरीत फार वेगळे नसतात. वेगळा असतो तो विक्रीचा दर. रत्नागिरीत तो ५,००० धरू, मुंबईच्या एखाद्या उपनगरात २०,०००. तुमच्या सोळा घरांचे मिळून ९,६०० चौरस फूट होतात. तीस टक्के वाढवून १२,४८०. हे बिल्डरनं तुम्हाला फुकट बांधून द्यायचं, म्हणजे त्याचा खर्च ३ कोटी ७४ लाख. तो त्यानं काढायचा विक्रीच्या फ्लॅटमधून. मुंबईत विकलेल्या प्रत्येक चौरस फुटामागे १७,००० सुटतात, म्हणून साधारण २,२०० फूट विकले की खर्च निघाला. तीन फ्लॅट. रत्नागिरीत सुटतात २,००० रुपये. म्हणून १८,७२० फूट विकावे लागतात. सातशे फुटांचा फ्लॅट धरला तर सत्तावीस फ्लॅट. यात तुमचं भाडं, कर्जावरचं व्याज, परवानग्या आणि बिल्डरचा नफा अजून धरलेलाच नाही.

म्हणजे आज जिथे सोळा कुटुंबं राहतात तिथे किमान त्रेचाळीस राहतील. चाळीस टक्क्यांवर गेलात की पंचेचाळीस. जादा कार्पेटचा एक फूट तुम्हाला फुकट मिळतो तेव्हा त्याच जमिनीवर विक्रीचा दीड फूट उभा राहतो, आणि तो तुमच्याच विहिरीवर, तुमच्याच गटारावर, तुमच्याच गेटवर येऊन पडतो. मुंबईतल्या नातेवाइकाच्या सोसायटीला काय मिळालं, त्याच्याशी तुलना करून इथे सौदा ठरवू नका. एकतर तो जमिनीला पेलणार नाही, नाहीतर बिल्डरला पेलणार नाही आणि काम अर्ध्यावर थांबेल. मध्यम शहरात फ्लॅट विकायला वेळ लागतो. विक्री रखडली की पैसा रखडतो आणि पाडलेल्या इमारतीचे सभासद भाड्याच्या घरात अडकतात. उदार वाटणाऱ्या प्रस्तावाला मी म्हणूनच आधी घाबरतो.

आता पाणी. रत्नागिरी शहराला मुख्यतः शीळ धरणातून पाणी येतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या शहरात मे महिन्यात एक दिवसाआड नळ येण्याची वेळ यावी, याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं. पण सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात, आणि जांभा पाणी धरून ठेवत नाही. ते कातळातून झिरपून झपाट्यानं खाडीला आणि समुद्राला मिळतं. एप्रिल उजाडला की विहिरी तळ दाखवतात.

माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं नेहमीचं प्रमाण. घरात चार माणसं धरली तर सोळा घरांना रोज ८,६४० लिटर लागतात. पंचेचाळीस घरांना २४,३००. नळजोडणीचा व्यास वाढवून मिळेल, पण धरणातलं पाणी त्यामुळे वाढत नाही. दहा हजारांचे अडीच टँकर रोज, हा मे महिन्याचा हिशेब बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत नसतो. तो देखभाल खर्चाच्या पावतीवर दिसतो.

‘पर्जन्यजल संधारण आहे की’ असं उत्तर तुम्हाला मिळेल. नियमानं ते पाचशे चौरस मीटरच्या वरच्या भूखंडाला करावंच लागतं, त्यामुळे त्यात बिल्डरचं औदार्य काही नाही. साडेचारशे चौरस मीटर छतावर तीन मीटर पाऊस म्हणजे साडेतेरा लाख लिटर. ऐकायला मोठं आहे. पण ते पडतं तेव्हा नळालाही पाणी असतं, आणि एक लाख लिटरची टाकी बांधली तरी पंचेचाळीस घरांना ती चार दिवस पुरते. म्हणून छतावरचं पाणी टाकीत साठवण्यापेक्षा गाळून विहिरीत आणि जमिनीत सोडणं इथे जास्त उपयोगी. अर्थात कातळाच्या जागेवर एक खड्डा खणून काम भागत नाही. पाणी कुठे जातं हे भूजलाच्या जाणकाराकडून बघून घ्यावं लागतं.

यावरून एक गोष्ट फार आग्रहानं सांगतो. तुमच्या आवारात जुनी चिऱ्यांची विहीर असेल तर ती बुजवू देऊ नका. आराखड्यात पहिला बळी तिचाच जातो, कारण तिच्या जागेवर तीन गाड्या उभ्या राहतात. विहिरीऐवजी बोअर मारून देतो असं सांगतात. मांडवीसारख्या समुद्राजवळच्या भागात बोअर खोल गेली आणि उपसा वाढला की पाणी मचूळ होत जाण्याचा धोका असतो, आणि एकदा खारं झालेलं बोअरचं पाणी सहजासहजी गोडं होत नाही. खाऱ्या पाण्यावर अलगद तरंगणारं उथळ विहिरीतलं गोडं पाणी ही किनाऱ्यावरच्या जागेची खरी मिळकत आहे. करारात विहिरीची जागा नकाशावर दाखवून, ‘ही राहील, उपसली जाईल, तिला कठडा आणि जाळी बसेल’ असं स्पष्ट लिहून घ्या.

पाणी आलं की सांडपाणी आलंच. रत्नागिरीत बहुतेक इमारती आजही सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर चालतात. सोळा घरांचा शोषखड्डा मुकाट्यानं काम करतो म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पंचेचाळीस घरांचा जुलैमध्ये बोलायला लागतो. जमीन आधीच पाण्यानं भरलेली असते, वरून येणारं पाणी ती घेत नाही, आणि मैला रस्त्याकडेच्या गटारात, तिथून पऱ्यात, तिथून खाडीत. मांडवीच्या उताराला पाणी खाली ज्यांच्या दारात जातं त्यांचाही विचार तुम्हाला करावा लागेल. एवढ्या घरांना छोटं मलशुद्धीकरण संयंत्र हवं, आणि ते चालवायला वीज, माणूस आणि दर महिन्याचा खर्च हवा. संयंत्र बसवून दिलं आणि दुसऱ्या वर्षी सभासदांनी वीजबिल वाचवायला बंद केलं, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. म्हणून बिल्डरनं पहिली पाच वर्षं ते चालवायची जबाबदारी घ्यावी आणि त्या खर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात आधी जमा करावी, असं मी सुचवतो.

आता काँक्रीटकडे येऊ, कारण तुमची इमारत चाळिशीतच का थकली याचं उत्तर तिथे आहे आणि तीच चूक नव्या इमारतीत होऊ शकते. त्या काळी आरसीसीला एम-१५ प्रतीचं काँक्रीट चालत असे (हा आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत). सळईवरचं काँक्रीटचं आवरण जेमतेम. आणि कोकणात बांधकामाला खाडीची वाळू सर्रास वापरली जायची, ती गोड्या पाण्यानं नीट धुतली जायचीच असं नाही. म्हणजे मीठ बाहेरून वाऱ्यानं आलं आणि आतून वाळूनंही आलं. मीठ सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. खारी हवा काय करते हे रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळात मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलेलं ‘बसरा स्टार’ जहाज गंजत जाताना सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आजचं भारतीय मानक, आयएस ४५६, किनाऱ्यावरच्या हवेला ‘तीव्र’ गटात धरतं आणि तिथे किमान एम-३० काँक्रीट, पाण्याचं सिमेंटशी प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगतं. लाटांचे तुषार थेट लागत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. हे आकडे करारात जोडपत्र म्हणून असू द्या. ‘उत्तम दर्जाचे बांधकाम’ या शब्दांना कोर्टात काही किंमत नाही, ४५ मिलिमीटरला आहे. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी तुमच्या बाजूच्या अभियंत्यानं टेपनं आवरण मोजायचं आणि सही करायची, एवढं एक कलम पुढची अनेक वर्षं वाचवतं. वाळू कुठली, हेही विचारा. आता बहुतेक ठिकाणी दगड दळून केलेली वाळू येते आणि मिठाच्या दृष्टीनं ती बरी. पण खाडीची वाळू अजून पूर्ण थांबलेली नाही. बांधकामाचं पाणी मचूळ विहिरीचं नसावं. रेलिंगचं स्टील किनाऱ्यावर ३१६ प्रतीचं घ्या. ३०४चं स्टील दुकानात तितकंच चमकतं, पण समुद्राजवळ तांबूस डाग धरतं.

पाऊस आणि वारा यांबद्दल आराखडा बघताना एकच कसोटी लावा: पश्चिमेची भिंत आणि नैर्ऋत्येची खिडकी झड कशी अडवणार? आपल्या जुन्या घरांना रुंद पडवी आणि उतरतं कौलारू छप्पर होतं ते शोभेसाठी नव्हतं. नव्या इमारतीत फुटागणिक विक्री असल्यानं छज्जे आखडतात, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या भिंतीच्या बाहेरच्या कडेला बसतात, आणि पहिल्याच आषाढात पलंगापर्यंत पाणी येतं. मग लोक स्वतःच्या खर्चानं पत्र्याच्या शेड ठोकतात. किमान अडीच फुटांचे छज्जे, वर गच्चीला हवा खेळती ठेवणारं छप्पर आणि प्रत्येक घरात पावसाळ्यात कपडे वाळवायला झाकलेली पण उघडी जागा मागा. चार महिने ओले कपडे बैठकीच्या खोलीत टांगून राहणं आणि भिंतींवरची बुरशी, याचा वयस्क माणसाच्या छातीवर परिणाम होतो. बाबांच्या दृष्टीनं ही वाळवणाची गॅलरी त्या तीस टक्क्यांपेक्षा मोलाची ठरू शकते.

लिफ्टबद्दल तुम्ही आनंदानं लिहिलंय आणि ते रास्त आहे. पण निसर्गनंतर दापोली-मंडणगडच्या बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, मे २०२१च्या तौक्ते वादळानंही तारा आणि खांब पाडले. बाबांना सहावा मजला मिळाला आणि जनरेटर फक्त जिन्यातल्या दिव्यांपुरता असला तर त्या दिवसांत ते घरात अडकतील. तेव्हा लिफ्ट आणि पाण्याचा पंप दोन्ही जनरेटरवर हवेत. आणि मजला कोणता हे आधी ठरायला हवं. मोकळ्या हवेचे, समुद्राच्या बाजूचे फ्लॅट विक्रीला आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून असलेले जुन्या सभासदांना, ही नेहमीची वाटणी असते. करारावर सही करण्याआधी प्रत्येक सभासदाचा फ्लॅट नकाशावर नावानिशी रंगवून घ्या. बाबा आज पहिल्या मजल्यावर पश्चिमेला राहत असतील तर नव्यातही दुसऱ्याच्या वर नको, आणि वाऱ्याची बाजू तीच.

पार्किंगसाठी तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडतात. कोयनेचा १९६७चा भूकंप रत्नागिरी जिल्ह्याला ठाऊक आहे. मोकळा तळमजला हा भूकंपात सगळ्यात आधी मोडणारा भाग असतो. लिफ्टभोवतीची भिंत आरसीसीची आहे का आणि तळाचे खांब त्या हिशेबानं मोठे केलेत का, हे स्ट्रक्चरल अभियंत्याला विचारा. तसंच नगर परिषदेच्या अग्निशमन दलाकडे आज किती उंचीपर्यंत पोचण्याची साधनं आहेत, याची माहिती घ्या आणि इमारतीची उंची त्याच्याशी ताडून बघा.

कायद्याच्या बाजूचं थोडक्यात. तुमची जागा भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांना केंद्र सरकारनं घातलेली बंधनं, लागू होईल. भरल्या वस्तीच्या नगरपालिका हद्दीत साधारणपणे सीआरझेड-दोन असतं. तिथे सध्याच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येतं. १८ जानेवारी २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत एफएसआय (भूखंडाच्या मानानं किती बांधता येईल याचं प्रमाण) त्या तारखेला असलेल्या नियमांनुसार धरलेला आहे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली त्यानंतरची, डिसेंबर २०२०ची. म्हणून नव्या नियमावलीतला वाढीव एफएसआय तिथे आपसूक मिळेल असं गृहीत धरू नका. बिल्डरनं तीस टक्के कुठल्या एफएसआयवर काढले, हा पहिला लेखी प्रश्न. तुमचा प्लॉट खाडीच्या बाजूचा असेल तर पट्टा वेगळा मोजतात, म्हणून १:४००० मापाच्या मंजूर नकाशावर तुमचा प्लॉट दाखवून मागा.

दुसरं, तुमची नोंदणी सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून आहे की १९७०च्या कायद्याखालचं अपार्टमेंट म्हणून? कोकणातल्या शहरांत दुसरा प्रकार बराच आढळतो आणि संमतीची पद्धत त्यावर अवलंबून असते. जमीन संस्थेच्या नावावर झालेली नसेल तर मानीव अभिहस्तांतरण (मूळ मालकानं करून न दिलेलं जमिनीचं हस्तांतरण सरकारी आदेशानं करून घेणं) आधी. संस्था असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा ४ जुलै २०१९चा शासन निर्णय वाचा: निबंधकांचा प्रतिनिधी, सभेचं चित्रीकरण, व्यवहार्यता अहवाल, खुली निविदा, प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी. बँक हमीचं नाव काढल्यावर जो बिल्डर गप्प होतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. महारेराचं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचं, संरक्षण मुख्यतः नव्या खरेदीदारांना आहे. जुन्या सभासदाचा आधार म्हणजे नोंदणीकृत विकास करार, त्यामुळे तो स्वतःच्या वकिलाकडून लिहून घ्या. ‘चोवीस महिने’ म्हणत असतील तर कोकणात पायाचं आणि बाहेरच्या गिलाव्याचं काम ऑक्टोबर ते मेमध्येच नीट होतं हे लक्षात ठेवा. भाडं महिने मोजून नाही, भोगवटा प्रमाणपत्र (नव्या इमारतीत राहायला जाण्याची अधिकृत परवानगी) मिळेपर्यंत चालू राहील असं लिहा.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. सोळा सभासदांपैकी प्रत्यक्ष राहणारे किती? अशा इमारतींत बरेच मालक मुंबई-पुण्याला असतात, गणपतीला आणि मेमध्ये येतात. त्यांच्यासाठी फ्लॅट ही मालमत्ता आहे, म्हणून कार्पेट वाढलेलं हवं. राहणाऱ्यांसाठी ते घर आहे, त्यांना पाणी, हवा आणि ओळखीचा शेजार हवा. सभेत मत दोघांचं सारखंच, पण दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात जाणारे आणि टँकरची वाट बघणारे फक्त दुसरे. तुम्ही स्वतः पहिल्या गटात आहात आणि बाबा दुसऱ्या, म्हणून तुम्हाला दोन्ही बाजू बोलता येतील. बाबांना विचारा, रोज संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर चालत जातात का, दारावर मासे घेतात का, आजारी पडले तर कुणाला हाक मारतात. भाड्याचं घर त्याच परिसरात मिळेल का, हे सही करण्याआधी शोधा. सोळा कुटुंबं एकदम बाहेर पडली तर मांडवीच्या आसपास तेवढी घरं मिळणं कठीण; मग नाचणे किंवा कुवारबावला जावं लागतं आणि पंचाहत्तरीच्या माणसाची सगळी ओळखपाळख तुटते. त्यांचं वय आणि तब्येत बघता ही मधली वर्षं तुमच्या निर्णयात सगळ्यात जड असू शकतात. ते मी इथे बसून ठरवू शकत नाही.

पाडणं हाच एक रस्ता आहे असंही नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमचं शेवटचं कधी झालं? ते करताना नुसती हातोडीची चाचणी नको. काँक्रीटमधलं मीठ, कार्बोनेशनची (हवेतल्या वायूनं काँक्रीटचं सळईला असलेलं संरक्षण जाण्याची) खोली आणि सळई कुठे कुठे गंजतेय याची अर्धसेल चाचणी, असं सगळं करून घ्या. नुकसान गॅलऱ्या आणि पाण्याच्या टाकीपुरतं असेल, खांब आणि तुळया शाबूत असतील, तर दुरुस्तीनं दहा-पंधरा वर्षं सहज मिळू शकतात आणि बाबांना घर सोडावं लागत नाही. मीठ खांबांतच आत मुरलेलं असेल तर मात्र वरून गिलावा आणि रंग करणं म्हणजे पैसे वाया. तेव्हा पाडण्याला पर्याय नाही, आणि ते लवकर केलेलं बरं. परीक्षण करणारा अभियंता बिल्डरनं सुचवलेला नसावा.

पाडायचंच ठरलं तर मधला मार्ग असा. जादा कार्पेट सोडा आणि प्रत्येक सभासदानं थोडे पैसे घाला. वरच्याच गणितात सहाशेला सहाशे फूट घेतले आणि प्रत्येकानं सहा लाख दिले, तर बिल्डरनं काढायचा खर्च २ कोटी ८८ लाखांवरून १ कोटी ९२ लाखांवर येतो. विक्रीला ९,६०० फूट पुरतात, म्हणजे साधारण चौदा फ्लॅट. इमारतीत एकूण तीस घरं. पंचेचाळीस आणि तीस यांतला फरक पाण्यात रोज आठ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ तुमच्या आजच्या सगळ्या इमारतीची गरज. गाड्या कमी, विहीर जागेवर, मजले दोन-तीननं कमी, आणि विकायला कमी फ्लॅट असल्यानं काम अर्ध्यावर अडकण्याची भीतीही कमी. बिल्डर नकोच असेल तर स्वयंपुनर्विकासाचाही मार्ग आहे, राज्य सरकारनं सप्टेंबर २०१९मध्ये त्याचं धोरण आणलं. पण त्यासाठी कर्ज आणि रोज लक्ष घालणारे दोन-तीन सभासद लागतात. सहा लाख सगळ्यांना झेपतील असं नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाचा वाटा संस्थेनं किंवा कर्जानं कसा उचलायचा, हे त्याच सभेत ठरवावं लागेल, नाहीतर ज्यांना झेपत नाही ते नाइलाजानं मोठ्या इमारतीला मत देतील.

तर क्रम असा ठेवा. आधी स्वतंत्र परीक्षण. मग सीआरझेडचा नकाशा आणि एफएसआयचं लेखी उत्तर. मग दोन व्यवहार्यता अहवाल मागवा, एक तीस टक्के जादाचा आणि एक शून्य टक्के अधिक वर्गणीचा, आणि दोन्हींत एकूण घरं, मे महिन्यातलं पाणी आणि दर महिन्याचा देखभाल खर्च हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून सभेपुढे ठेवा. माझ्या अनुभवात नुसत्या कार्पेटच्या आकड्यावर भांडणारी सभा हे तीन आकडे दिसल्यावर वेगळी चर्चा करते.

परीक्षणाचा अहवाल आणि जुना मंजूर नकाशा हाती आला की त्यातले खांबांचे निकाल, प्लॉटचं क्षेत्रफळ आणि समोरच्या रस्त्याची रुंदी इथे टाका. सभासदांची नावं नकोत. त्यावरून तुमच्या जागेवर किती घरं शोभतील, याचा नेमका अंदाज देता येईल.